रायगड जिल्ह्यात रस्त्याकडेला उभे असलेले जुने दगड, स्तंभ, खुणा : तुमच्या वाटेवरचे इथे लिहा

मिठागर

आमच्या फाट्यावर एस.टी.चा थांबा आहे, अलिबाग तालुक्यात. थांब्यामागे उंबराखाली एक कमरेएवढा दगड उभा होता. वर चंद्र-सूर्य, मधे खरवडल्यासारखा सपाट भाग, खाली एक गाढव आणि एक बाई. आजी बाजाराला निघाली की टोपलीतलं एखादं फूल त्याच्यापुढे ठेवून पुढे जायची. आम्ही पोरं वर चढायला गेलो की ओरडायची, "पोरा, त्या दगराला पाय नको लावू, आन हाय त्याव."

कसली आण, कोणी घातली, हे तिला ठाऊक नव्हतं. मला कळलं तेव्हा मी तिशी ओलांडली होती आणि आजी गेली होती.

तो दगड म्हणजे गधेगाळ. कोकणात राज्य करणाऱ्या शिलाहारांच्या काळात आणि पुढे यादवांच्याही, देवळाला किंवा कुणाला जमीन, उत्पन्न लावून दिलं की असा दगड रोवत. चंद्र-सूर्य म्हणजे ते आकाशात आहेत तोवर हे दान चालायचं. मधल्या भागात लेख. आणि खाली, जो हे दान मोडील त्याला आईवरून शिवी, तीही चित्रात, म्हणजे अक्षरओळख नसलेल्यालाही कळावी. आजी म्हणत होती ते शब्दशः खरं होतं. आण होतीच. अक्षरं झिजली, राज्यं बदलली, दान कुणाला होतं हेही विसरलं गेलं, तरी "पाय लावू नको" एवढा निरोप सात-आठशे वर्षं तोंडातोंडी चालत आमच्यापर्यंत आला.

गेल्या वर्षी रस्ता रुंद करायला घेतला. उंबर गेला. मी शनिवारी गावी आलो तर दगड जागेवर नाही. शोधत गेलो तेव्हा मोरीच्या कडेला, खडीच्या ढिगाखाली पालथा पडलेला दिसला. ठेकेदाराच्या माणसाला विचारलं. तो उद्धटपणे बोलला नाही, उलट ओशाळला. म्हणाला, "साहेब, देव असता तर हात लावला नसता. यावर शेंदूर नव्हता."

आम्ही चौघांनी पहार आणि दोरखंड लावून तो सरळ केला. जमिनीत गाडलेला जवळजवळ हातभर भाग फिका, नव्या कापल्यासारखा होता आणि वरचा काळा. दोहोंच्या मधली रेघ अगदी सरळ. मूळ जमीन कुठपर्यंत होती ते ती रेघ सांगत होती. तेवढंच खोल पुन्हा पुरलं आणि नव्या थांब्यामागे उभा केला, मूळ जागेपासून पंधरा पावलांवर. तोंड कुठल्या दिशेला होतं, यावर आम्हा चौघांचं एकमत झालं नाही. रोज समोरून गेलो, बसची वाट बघत त्याला टेकून उभे राहिलो, आणि कुणालाच आठवेना. त्या रात्री झोप लागली नाही, म्हणून हा धागा.

दगड हलला तर निदान तो कुठे होता हे कुठेतरी लिहिलेलं असावं. तुमच्या वाटेवरचा दगड, स्तंभ, पादुका, मैलाचा दगड, काहीही असो. कुठे आहे, तोंड कुठे आहे, आणि गावात त्याला काय म्हणतात, एवढं लिहा. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. पुस्तकातलं नाव मागाहून शोधता येतं, आजीचं नाव आजीबरोबर जातं.

---

खाडीपलीकडचा

उरणकडून लिहितो. आमच्याकडचा दगड तुमच्याइतका जुना नाही, पण गावाला तोच सगळ्यात जवळचा. चिरनेर. २५ सप्टेंबर १९३० ला अक्कादेवीच्या माळावर जंगल सत्याग्रह झाला आणि पोलिसांनी गोळीबार केला. मिठाचा सत्याग्रह सगळ्यांना माहीत असतो. पण डोंगराच्या पायथ्याच्या माणसाला मिठापेक्षा लाकूडफाटा जवळचा. सरपण, कुंपणाची काटकी, नांगराचं लाकूड, सगळ्यावर जंगल खात्याचा पहारा. म्हणून लोक कोयते-कुऱ्हाडी घेऊन रानात गेले.

आठजण हुतात्मे झाले. मला लहानपणी वडील स्मारकापुढे उभं करून नावं मोठ्याने वाचायला लावायचे. धाकू गवत्या फोफेरकर. नवश्या महादेव कातकरी. रामा बामा कोळी. रघुनाथ मोरेश्वर न्हावी. आलू बेमट्या म्हात्रे... नुसती आडनावं वाचा. कातकरी, कोळी, न्हावी, आगरी, सगळा मुलूख त्या एका दगडावर आहे. आणि सगळे एकाच गावचे नाहीत. चिरनेर, जुई, कोप्रोली, खोपटे, दिघोडे अशा आसपासच्या गावांतून माणसं चालत त्या माळावर गेली होती.

दरवर्षी २५ सप्टेंबरला तिथे पोलीस मानवंदना देतात. ज्या खात्याची गोळी त्याच खात्याची सलामी. मी दरवेळी ती बघायला जातो आणि दरवेळी घशात काहीतरी अडकतं.

यादीत हे धरायचं ना?

---

मिठागर

धरायचं म्हणजे काय, पहिलं धरायचं. आणि आठही नावं पूर्ण लिहून पाठवा, गावांसकट.

---

पागोळी

धागा आवडला, पण एक बोलल्याशिवाय राहवत नाही. मी शाळेत असताना अशाच एका दगडाशेजारी बसची वाट बघत उभी राहायचे. वरच्या वर्गातली मुलं त्या चित्राकडे बोट दाखवून काय काय बोलायची ते इथे लिहिणार नाही. आम्ही मुली पाठ करून उभ्या राहायचो. जमीन बळकावणारा पुरुष, आणि शिक्षा कुणाला, तर त्याच्या आईला! हजार वर्षांपूर्वीच्या राजाला आपला कायदा पाळून घ्यायला बाईच्या अब्रूशिवाय दुसरं काही सुचलं नाही, हे त्या दगडावर कोरलेलं आहे. फुलं वाहण्याआधी हेही सांगायला हवं.

दगड फोडा असं मी म्हणत नाही. पण शेजारी पाटी लावाल तेव्हा "शिलाहारकालीन मौल्यवान ठेवा" एवढंच लिहून मोकळे होऊ नका.

---

मिठागर

पागोळी, तुम्ही म्हणता ते मला कधी दिसलंच नव्हतं, कारण मी त्या बोट दाखवणाऱ्यांच्या बाजूला उभा होतो. आजी त्याच्याकडे बघताना पदर डोक्यावरून पुढे ओढायची, ते आज नीट आठवलं. मी त्याला भक्ती समजत होतो.

पाटीचा मजकूर तुम्ही लिहाल का? खरंच विचारतोय.

---

पागोळी

लिहीन. पाच ओळींत बसवते.

---

जुनी वाट

आक्षीचं कुणीच लिहिलं नाही अजून? अलिबागहून रेवदंड्याकडे जाताना आक्षी गाव लागतं, तिथला शिलालेख. कितीतरी वर्षं तो रस्त्याच्या कडेला उघड्यावर होता. नारळी-पोफळीत जाणाऱ्या गाड्या त्याच्यासमोरून जायच्या आणि काच खाली होत नसे.

त्यात शके ९३४ असं वाचलं गेलं आहे, म्हणजे इ.स. १०१२. "पश्चिमसमुद्राधिपती" आणि "कोकणचक्रवर्ती" अशी बिरुदं लावलेला केसिदेवराय आणि त्याचा महाप्रधान भइर्जु सेणुई यांची नावं त्यात येतात. सुरुवात मला फार आवडते : "गीं सुष संतु". जगी सुख नांदो. "ख"च्या जागी "ष". राजाच्या नावाआधी, दानाआधी, शापाआधी जगाच्या सुखाची इच्छा!

मराठीतला सर्वांत जुना लेख हाच, असं आपल्याकडे अभिमानाने सांगतात.

---

ताम्हण

जुनी वाट, लेख मोलाचा आहेच, पण "सर्वांत जुना" हे जरा जपून. शकाचे आकडे वाचण्यावरून अभ्यासकांत मतभेद आहेत. केसिदेव नावाचा शिलाहार राजा तेराव्या शतकाच्या सुरुवातीलाही होता, त्यामुळे लेख त्या काळातला, म्हणजे दोनशे वर्षं अलीकडचा, असंही वाचन मांडलं गेलं आहे. दुसऱ्या बाजूला सोलापूर जिल्ह्यातल्या हत्तरसंग कुडलचा शके ९४० चा लेख आहे, ज्यात वाचणारा विजयी होवो असा आशीर्वाद दिलाय : "वाछि तो विजेया होइवा". आणि श्रवणबेळगोळला गोमटेश्वराच्या पायाशी "श्रीचावुण्डराजें करवियलें" आहे, ते तर कर्नाटकात.

पहिला कोण याची शर्यत लावली की हरलेला दगड पुन्हा गवतात जातो. आक्षीचा लेख पहिला ठरला काय किंवा चौथा, आठशे-हजार वर्षांपूर्वी या किनाऱ्यावर कुणीतरी आपल्या बोलीत जगाचं सुख मागितलं, हे कमी आहे का?

---

जुनी वाट

मान्य. "जुन्यांपैकी एक" असं लिहितो. पण शर्यतीमुळेच लोक थांबायला लागले हेही खरं.

---

दादरकर७१

सरळ उपाय सांगू? हे सगळे दगड उचलून जिल्ह्याच्या ठिकाणी एका संग्रहालयात नेऊन ठेवा. छप्पर मिळेल, पाऊस लागणार नाही, जेसीबी लागणार नाही. भावनेपेक्षा जतन महत्त्वाचं.

---

मिठागर

तुमची कळकळ समजते, आणि जिथे दुसरा इलाजच नाही तिथे तेच करावं लागेल. पण सीमेचा दगड संग्रहालयात नेला की तो कशाची सीमा सांगणार? गधेगाळ ज्या शेताची आण घालतो ते शेत त्याच्यासमोर आहे म्हणून त्याला अर्थ आहे.

बोरिवलीजवळ एकसरचे वीरगळ बघा, लढाईत पडलेल्या वीरांच्या आठवणीचे दगड. त्यांवर जहाजांची लढाई कोरली आहे, वल्ह्यांच्या रांगा मोजता येतात. यादव महादेव आणि शिलाहार सोमेश्वर यांच्यात इ.स. १२६५ च्या सुमाराला झालेल्या लढाईशी अभ्यासक त्यांचा संबंध जोडतात. आज भोवती इमारती आहेत, पण दगड एकसरलाच आहेत, म्हणून तिथे उभं राहून खाडी कुठल्या बाजूला असेल असा विचार मनात येतो. काचेच्या पेटीपुढे तो आला नसता.

---

तळ्याकाठी

चरीबद्दल लिहिते. माझं सासर पोयनाडजवळ. १९३३ ते १९३९ इथल्या २५ गावांतल्या कुळांनी खोतांच्या जमिनी कसायचं थांबवलं. सहा वर्षं! नारायण नागू पाटील पुढे होते, डॉ. आंबेडकर पाठीशी उभे राहिले. लोकांनी रानातली लाकडं विकली, खाडीत मासे धरले, करवंदं-कंदांवर दिवस काढले, पण खोताच्या शेतात नांगर घातला नाही. पुढे कुळांना कायद्याचं संरक्षण मिळालं त्याची वाट इथून गेली.

चरीला स्मारक आहे. पण आजेसासऱ्यांना विचारलं की ते स्मारकाकडे नाही, समोरच्या शेताकडे हात करायचे. "हितं सा वर्सं गवत व्हतं." त्यांच्या मते खूण ती होती. पडीक शेताची खूण यादीत कशी धरायची ते मला माहीत नाही, पण धरा.

---

रेश्मा_अश्दोद

नमस्कार. मी इस्राएलमधून लिहितेय, अश्दोदहून. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. आईवडील साठच्या दशकात इकडे आले, घरी अजून मराठीच. माझी वाक्यं चुकली तर सांभाळून घ्या.

अलिबागच्या उत्तरेला नवगावला समुद्राजवळ आमची जुनी दफनभूमी आहे आणि एक स्मारकस्तंभ. आमच्यात सांगतात की पूर्वजांचं जहाज तिथे फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, आणि बुडालेल्यांना तिथेच मातीखाली ठेवलं. ते सात घरांचे लोक तेल गाळायला लागले, शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावकरी "शनवार तेली" म्हणायचे. आमची आडनावंही तुमच्या रस्त्यावरच्या पाट्यांसारखीच आहेत : पेणकर, रोहेकर, चौलकर, नवगावकर. इथे शाळेत कुणी आडनावाचा अर्थ विचारला की मी एका गावाचा पत्ता सांगते!

दुसरी जागा अलिबागजवळचं खंडाळा, घाटातलं नव्हे. तिथे एका खडकावर खूण आहे, तिला आम्ही "एलियाहू हन्नाबीचा टापा" म्हणतो. एलिया संदेष्टा तिथून स्वर्गात गेला, त्याच्या रथाच्या घोड्याची टाप. नवस फेडायला तिथे मलिदा करतात, पोहे, खोबरं, साखर, फळं. दोन वर्षांपूर्वी मुलाला घेऊन आले होते. वाट चुकलो तर एका म्हाताऱ्या बाईंनी न विचारताच सांगितलं, "टाप्याला ना? त्या वळणावरून वर." त्यांना आमचा देव माहीत होता. मी गाडीत बसून रडले.

---

खाडीपलीकडचा

रेश्माताई, तुमचं एकही वाक्य चुकलेलं नाही.

---

घाटमाथा

बोरघाटातल्या शिंग्रोबाचं नाव यायलाच हवं. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर खंडाळ्याखाली छोटं देऊळ आहे. सांगतात की इंग्रजांना घाट चढवायला वाट सापडत नव्हती, तेव्हा शिंग्रोबा नावाच्या धनगराने मेंढरांची वाट दाखवली. बक्षीस काय हवं विचारलं तर तो म्हणाला, आमच्या लोकांना स्वातंत्र्य द्या. आणि त्याला गोळी घातली.

याला कागद दाखवा, असं मला अनेकांनी म्हटलंय. कागद माझ्याकडे नाही. पण मी धनगर आहे आणि एवढं सांगतो, डोंगरातली प्रत्येक वाट आधी कुणीतरी जनावरांमागे चालून पाडलेली असते, मग तिच्यावर साहेबाचं नाव लागतं. ट्रक ड्रायव्हर तिथे नाणं टाकल्याशिवाय घाट चढत नाही. वडील ट्रकवर होते. काच खाली, नाणं बाहेर, आणि मगच गिअर. त्यांच्यासाठी तो इतिहास होता की देव, हे मी विचारलं नाही.

आणि खाली खालापूर तालुक्यात चावणीजवळ उंबरखिंडीचं स्मारक, अंबा नदीच्या पात्रात. २ फेब्रुवारी १६६१. शाइस्तेखानाने कोकणात पाठवलेला कारतलबखान अरुंद खिंडीत अडकला, बरोबर मुघलांकडची सरदार रायबागन होती. पुढे शिवाजी महाराज, मागे नेताजी पालकर. खानाने सामान टाकून वाट मागितली. त्या खिंडीत उन्हाळ्यात उभं राहिलात तर कळेल की अर्धी लढाई तहानेने जिंकली.

---

ओसरी_व्हर्जिनिया

मी अमेरिकेत व्हर्जिनियाच्या एका शेतकरी काउंटीत राहते. इथे गावाबाहेरच्या रस्त्यांवर जागोजागी खांबावर ओतीव धातूच्या पाट्या आहेत, चंदेरी रंगावर काळी अक्षरं. १९२७ पासून लावतायत. मजकूर जेमतेम शंभर शब्दांचा, आणि वर एक अक्षर आणि आकडा. अक्षरावरून रस्ता कळतो. गाडी थांबवायला नेमकी जागा सोडलेली असते असं नाही, तरी लोक थांबतात.

पण पागोळींचा मुद्दा इथेही आहे. पहिली कित्येक वर्षं पाट्या बहुतेक सेनापती, लढाया आणि जमीनदारांच्या वाड्यांच्याच होत्या. त्या वाड्यांत राबणाऱ्या गुलामांच्या, काळ्या मुलांच्या शाळांच्या पाट्या अलीकडे लागायला लागल्यात. आमच्या रस्त्यावर दोन्ही काळातल्या पाट्या आहेत. दोन्ही वाचल्या की काउंटी कळते.

सुचवायचं एवढंच, की तुमच्या यादीला असे क्रमांक द्या. नावं बदलतात, फाटे सरकतात, क्रमांक राहतो.

---

मिठागर

क्रमांक देतो. रस्त्याचं आद्याक्षर आणि आकडा. रे-१ आक्षी (रेवदंडा रस्ता), उ-१ चिरनेर, घा-१ शिंग्रोबा. तळ्याकाठींच्या पडीक शेताला पो-१. स्मारकाला पो-२.

---

ताम्हण

फोटो काढणाऱ्यांसाठी. दुपारी काढलेल्या फोटोत अक्षर दिसत नाही. सकाळी सातच्या आसपास किंवा सूर्य कलल्यावर, ऊन दगडाला घासून जाईल तेव्हा काढा. किंवा अंधार पडल्यावर बॅटरी बाजूने, दगडाला जवळजवळ टेकवून धरा. नुसत्या डोळ्यांना कोरा वाटणारा दगड अचानक बोलायला लागतो.

खडूने अक्षरं गिरवू नका. तुम्ही गिरवता ते तुम्हाला वाटलेलं अक्षर असतं, पुढचा वाचणारा त्यालाच खरं मानतो. तारेचा ब्रश, ॲसिड, साबण नको. शेंदूर खरवडू नका. शेंदराखाली अक्षरं झाकली जातात हे खरं, पण मिठागर यांच्या दगडाला शेंदूर असता तर तो हललाच नसता, हेही खरं. तो थर काढायचा की नाही ते जाणकार ठरवतील. ओला कागद ठोकून ठसा घेणं हेही शिकलेल्या हाताचंच काम. आणि लेख नवीन वाटला तर राज्याच्या पुरातत्त्व विभागाला पत्र लिहा, फोटो आणि नेमक्या जागेसकट.

---

पागोळी

पाटीचा मजकूर :

"हा गधेगाळ आहे. शेकडो वर्षांपूर्वी येथील जमीन दान दिली गेली. ते दान कोणी मोडू नये म्हणून हा दगड रोवला. दान मोडणाऱ्याला शाप देताना कोरणाऱ्याने त्याच्या आईचा अपमान चितारला. ती बाई कोणाची आई होती हे दगड सांगत नाही. दगड मूळ जागेपासून पंधरा पावले हलवला आहे."

शेवटची ओळ तुमच्यासाठी घातलीय.

---

मिठागर

एक शब्द बदलत नाही. ग्रामपंचायतीला हाच मजकूर देतो.

---

शेणाचा सडा

मी निवृत्त शिक्षक, मुरुड बाजूचा. मुलीने हा धागा वाचून दाखवला, टाइपही तीच करतेय. आमच्या वाडीच्या विहिरीवर धुण्याचा दगड आहे. त्याला खालच्या अंगाला, म्हणजे जी बाजू मातीत असते तिकडे, खाचा आहेत. लहानपणी विहीर उपसताना तो एकदा उलथला होता. मी बोट फिरवून बघितलं होतं. वर एक अर्धी कोर होती, तिच्याशेजारी गोल. आईने हाताला चापट मारली म्हणून पुढे बघितलं नाही. आज सत्तर वर्षं झाली, त्यावर धुणं चालूच आहे. उद्या दोन गडी बोलावून उलथून, घासून स्वच्छ करून फोटो पाठवू का?

---

मिठागर

गुरुजी, नमस्कार. थांबा. उलथू नका, घासू नका, गडी बोलावू नका. विहिरीवरच्या बायकांना तेवढं सांगून ठेवा. शनिवारी पहाटेच्या गाडीने येतो, ताम्हण पण येतायत. ऊन वर यायच्या आत पोचतो. त्याआधी एकच करा. दगडाचं तोंड आत्ता कुठल्या दिशेला आहे ते कागदावर लिहून ठेवा.